बिनमफलरचा बाणकिडा

धुळ्यापासून समुद्र किती लांब, हे आमच्या देवपूरच्या गल्लीत कुणी कधी विचारलं नव्हतं. आमचं पाणी म्हणजे पांझरा, आणि तिच्यातही वर्षातले आठ महिने पोरं क्रिकेट खेळायची. अशा गल्लीत १९८४ साली पितांबर सर बिऱ्हाड घेऊन आले. हातगाडीवरून भांड्यांच्या आधी बाटल्या उतरल्या. साठ-सत्तर तरी असतील, सगळ्यांवर चिठ्ठ्या. मी ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला वाटलं, कुणी लोणचीवाला आला.

"हाई काय शे बठ्ठं?" मी त्यांच्या बायकोला विचारलं. मी साक्रीकडची, अहिराणी माझ्या तोंडातून आपोआप निघते.

सुनंदाबाई खाली बघत म्हणाली, "समुद्रातले किडे आहेत." नवऱ्याचं व्यसन सांगावं तशी.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गाव पहूर, वडील जीवराम नाना, घरची केळी आणि कापूस. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र पाहिला नव्हता. सरांनीही पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत. बाकीची पोरं लाटांत उड्या मारत होती. सरांना कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली समुद्राच्या पाण्याचा थेंब दाखवला. त्यात हा किडा होता, बाणकिडा. झालं. पुढे कोकणात नोकरी मिळत असताना सर म्हणे आईसाठी इकडेच राहिले, पण दर दिवाळीला आणि मेमध्ये एसटीने मुंबई, तिथून पुढे किनारा, कोळ्याच्या होडीत उलट्या करत जाळं ओढायचं आणि बाटल्या भरून परत यायचं, हा नेम काही सुटला नाही.

ते जाळं मी शिवलेलं होतं, माझ्या शिवणयंत्रावर. चक्का टांगायच्या फडक्याला खाली बाटलीचं बूड बांधावं, तसं दिसायचं. शिवताना मी म्हटलं, "सर, एवढ्या बारीक जाळीत अडकणार काय? पाण्याचा आत्मा?"

"अक्का, जवळपास तेच," सर म्हणाले आणि मला आत नेऊन दाखवलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला दोरा दिसला. मग दोऱ्याला पंख दिसले, दोन्ही बाजूंना, आणि शेपटीला बाणाच्या पिसांसारखं काहीतरी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाकडे आकडे. आमच्या चुलत सासऱ्यांच्या मिशा अशाच होत्या. सर म्हणाले, जिवंतपणी हा काचेसारखा आरपार असतो, औषधात पडला की पांढरट होतो. एक जात दुसरीपासून ओळखायची तर आकडे मोजायचे, पुढचे दात मोजायचे, मागचे दात मोजायचे, पंख कुठे सुरू होतो ते पाहायचं, शेपूट अंगाच्या किती हिस्सा ते काढायचं. आणि काहींच्या मानेभोवती जाड कातडीचा पट्टा असतो, मफलर गुंडाळल्यासारखा. काहींना नसतो.

"म्हणजे सुना पाहायला जातो तसंच की," मी म्हटलं. "दात बघा, मान बघा, चालून दाखव म्हणा."

सर हसून लोटपोट. पण तेव्हापासून गल्लीत रोज सकाळी माझी चौकशी ठरलेली: "सर, आज किती आकडे?" आणि सर सायकल पुसता पुसता अगदी गंभीरपणे सांगायचे, "आठ आणि नऊ, अक्का." कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनाही बाणकिड्याच्या दातांचे हिशेब पाठ झाले होते. तसे दिवस आता राहिले नाहीत. आता त्या खोलीत विमा एजंट राहतात, त्यांना काही विचारलं की ते फॉर्म काढतात.

सत्याऐंशीच्या मेमध्ये सरांच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. सगळे महिनाभर पहूरला. चावी अर्थातच माझ्याकडे. तुळशीला पाणी घाला, घर अधूनमधून उघडा, एवढंच सांगून गेले. त्या वर्षी ऊन असं होतं की दुपारी लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसायचा. एक दिवस घर उघडलं तर खिडकीजवळच्या पाच बाटल्या निम्म्यावर आलेल्या. झाकणं सैल झालेली आणि किडे बिचारे तळाशी.

आता मी काय केलं असेल? आमच्याकडे मिरच्यांच्या बरणीतला खार कमी झाला की आपण काय करतो? पाणी उकळायचं, मीठ घालायचं, गार करून ओतायचं. समुद्रातली जितराबं, त्यांना खारच लागणार, असं माझ्या डोक्याने ठरवलं. पाचही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या आणि झाकणं घट्ट लावली. वरून स्वतःवर खूश झाले.

सर आले, सोबत केळीचा घड आला, लग्नाच्या गप्पा झाल्या, नवरदेवाच्या मामांची फजिती ऐकून पोट दुखलं. बाटल्यांचं सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर दीडेक वर्षाने, अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात, सर एक दिवस कॉलेजातून आले ते सायकलला स्टँड न लावता. सायकल पडली, सर आत. दिवेलागणीला सुनंदाबाई धावत माझ्याकडे. "अक्का, त्यांना नवा किडा सापडला! जगात कुणी पाहिला नाही असा!"

आकडे तेच, दात तेच, पंख तिथेच, पण मफलर नाही. असे एकदोन नव्हे, बावीस. सरांनी सहा आठवडे चित्रं काढली. काळ्या शाईची निब, श्वास रोखून. नाव ठरवलं खान्देशावरून. जीवराम नानांनी पहूरला पेढे वाटले, केळीच्या बांधावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की आमच्या पितांबरच्या किड्याला आता खान्देशचं नाव लागणार. मीही काही कमी केलं नाही. भाजीवालीलाही सांगितलं.

लेख टाइप होऊन आला तेव्हा सर माझ्या ओट्यावर येऊन बसले. जाळं शिवल्याबद्दल माझे आभार छापणार होते, ते वाचून दाखवायला. मी म्हटलं, पहिल्यापासून वाचा, मला सगळं कळतं. सर मराठीत सांगत गेले. आणि मध्येच आलं: "हे नमुने होडीतच फॉर्मालिनमध्ये टाकले आणि अखेरपर्यंत त्याच द्रावात ठेवले."

"त्याच द्रावात?" मी विचारलं.

"त्याच. पाणी शिरलं तर कातडी सुटते, अक्का. सगळं काम वाया."

सर पुढे वाचत होते, माझे आभार आले, गेले, मला काही ऐकू आलं नाही.

लेख सोमवारी रजिस्टर पोस्टाने जायचा होता. तो शुक्रवार होता. शनिवार मी जेवले नाही. आमचे हे एसटीत कंडक्टर. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "गप्प बस. कोण जातंय समुद्रात मफलर शोधायला?" रविवारी सकाळी मी सरांच्या दारात. सगळ्या गल्लीची टिंगल करणारी मी, त्या दिवशी उंबऱ्याबाहेरूनच बोलले.

"सर, खिडकीजवळच्या पाच बाटल्यांत मी खार घातला. लग्नाच्या वर्षी."

सुनंदाबाई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी वही काढली. बावीसच्या बावीस किडे कोणत्या बाटल्यांतले ते पाहिलं. पाचच बाटल्या, खिडकीजवळच्या.

"मीठ किती घातलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सर, मला काय ते बोला ना."

"बोलतोच आहे. मीठ किती? पाणी उकळलं होतं?"

लेख पोस्टात गेला नाही. सरांनी कॉलेजातल्या कपाटातून त्याच जाळ्याची, त्याच दिवशीची बाटली आणली. त्यातल्या किड्यांना मफलर होते. सहा किडे काढून दोन बाटल्यांत तीन-तीन ठेवले, दोन्हींत औषध निम्मं. एकीत माझ्या हातचा खार, तसाच, तितकाच. दुसरी तशीच निम्मी. दोन्ही त्याच खिडकीत, जूनपर्यंत.

पहूरला कळवायला सर स्वतः गेले. नाना दोन दिवस शेतावरून घरी आले नाहीत म्हणतात. सुनंदाबाई माझ्याशी बोलायची बंद झाली. नळावर मी आले की ती हंडा उचलून जायची, अर्धा भरलेला असला तरी. माझा त्यावर विनोद करायचा धीर झाला नाही. सर मात्र रोज सकाळी सायकल पुसताना माझ्याकडे बघायचे आणि मीच काही विचारत नाही म्हणून स्वतःच सांगायचे, "अजून आहे, अक्का. अजून मफलर आहे." त्यांच्या आवाजात आशा असायची. ती ऐकली की मला आपलं घर सोडून साक्रीला निघून जावंसं वाटायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. दोन्ही बाटल्या टेबलावर. बिनखाराच्या बाटलीतल्या किड्याची मान सरांनी आधी दाखवली. मफलर जागच्या जागी. मग दुसरी काच सरकवली. किड्याची मान उघडी होती. आणि शेजारी, अगदी अंगाला लागून, ओल्या कागदाच्या चिंधीसारखी कातडी तरंगत होती.

"दिसलं?"

"दिसलं, सर."

"जुनाच आहे आपला." सरांनी पेन उघडलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर खान्देशचं नाव होतं, त्यावर एक सरळ रेघ मारली, पट्टी न घेता, आणि खाली जुनं नाव लिहिलं. मग म्हणाले, "मी हे छापून मोकळा झालो असतो, तर कुणीतरी आयुष्यभर हा बिनमफलरचा शोधत बसला असता. आता चार ओळी लिहितो, खार घालू नका म्हणून."

मी डोळा काचेवरून हलवला नाही. हलवला असता तर डोळ्यातलं पाणी त्यांना दिसलं असतं.

मागे बांगड्या वाजल्या. सात महिन्यांनी सुनंदाबाईचा माझ्यासाठी पहिला शब्द आला.

"अक्का, सरका. मलाही पाहू द्या."