तीन शब्द राहिले

आमचा गव्हर्नर दॉन दियोनिसिओ जन्माचा आयरिश, चाकरी स्पेनच्या राजाची. तीस वर्षं राजासाठी लढला, तरी सैनिक पाठीमागं त्याला 'परका'च म्हणायचे. मी रेमिहिया, त्याची स्वयंपाकीण. बीन्समध्ये तिखट पडलं की लहान मुलासारखा डोळे पुसायचा आणि वर म्हणायचा, "छान झालंय हो!" खोटारडा मेला. पण जीव लावायचा.

राजाचं फर्मान आलं, की तेहास प्रांताच्या सरहद्दीवरचं आमचं सांता रोसालिया पाच दिवसांत रिकामं करा आणि सान अंतोनियोला जा. म्हणजे तीन महिने बैलगाडीचा प्रवास. माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली. ती वाटेत मरणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तरी मी निर्धास्त होते. आमच्याकडची रीतच तशी. गव्हर्नर फर्मानाला ओठ लावतो, डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, "आज्ञा शिरसावंद्य, पण पाळणार नाही." मग वर अर्ज जातो, उत्तर यायला दोन वर्षं लागतात. आधीच्या गव्हर्नरनं दोनदा असंच गाव वाचवलं होतं. म्हणून आईला म्हटलं, "झोप गं निवांत, आपले साहेब आहेत." तिची बोचकीसुद्धा बांधली नाहीत.

देवळापुढं सगळा गाव जमला. साहेबांनी कागदाला ओठ लावले, डोक्यावर ठेवला. "आज्ञा शिरसावंद्य," म्हणाले. आम्ही थांबलो. पाद्रीबाबा तर आधीच हसत होते. साहेबांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

"पाच दिवसांत निघायचं," एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघरात मी तवाच आपटला. "तीन शब्द जड झाले होय? जीभ झडली असती का?"

"ते शब्द स्पेनच्या माणसाला शोभतात, रेमिहिया. मी परका, मी बोललो तर फितूर ठरेन. पायात बेड्या पडतील, आणि नवा माणूस येऊन गाव रिकामं करेलच." मग हळूच म्हणाले, "मी नऊ वर्षांचा असताना इंग्रजांनी आमचं गाव असंच उठवलं."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

 

निघायच्या दिवशी साहेबांनी आपली खाट आईसाठी गाडीवर चढवली आणि स्वतः गाडीच्या बाजूनं चालले. अकराव्या दिवशी, नदी ओलांडायच्या आत आई गेली. खड्डा साहेबांनीच खणला, हातांना फोड येईपर्यंत. माझं रडू थांबत नव्हतं. गाड्या पुढं निघाल्या होत्या. माती लोटून झाल्यावर मी म्हटलं, "आता तरी म्हणा ते तीन शब्द. माझ्या आईसाठी. इथं कोण ऐकतंय?"

त्यांनी टोपी काढली. तोंड उघडलं. आणि आधी मागं वळून पाहिलं, सैनिकांचा हवालदार ऐकायला जवळपास आहे का म्हणून.

"राहू द्या, साहेब," मी म्हटलं. "चला, गाड्या लांब गेल्या."