मरजानची भिंत

जमीलाची मुलगी माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते. त्या दिवशी मुरूडहून फोन आला आणि ती मराठीत म्हणाली, "मावशी, अम्मी गेली." कुवेतमध्ये, रिग्गईतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले... जमीला उपचारासाठी गावी गेली होती, परत यायचीच होती. आता दीड महिना होत आला, तरी ती राहायची त्या खैतानकडे गाडी वळली की वाटतं, तिला खाली यायला सांगावं.

आमची ओळख इथल्याच एका भारतीय शाळेतली. मी गणित शिकवायची, ती चित्रकला. उंच, सावळी, कुरळ्या केसांची. हसणं मोठं, पण मनातलं फारसं बोलायची नाही. गेल्या वर्षी खैतानमधल्या एका हॉलच्या मालकाने तिला बाहेरच्या भिंतीवर जुन्या कुवेतचं चित्र काढायला सांगितलं. समुद्र, गलबतं, मोती काढणारे पाणबुडे. शाळा सुटली की ती शिडीवर चढायची, आणि मी खाली सावलीत वह्या तपासत बसायची.

एकदा काळा अबाया घातलेली एक म्हातारी बाई तिथे थांबली. उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. मागच्याच गल्लीत राहणारी. इथल्या जुन्या माणसांना येते तशी मोडकीतोडकी हिंदी तिला येत होती. कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणाऱ्या एका पाणबुड्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "ये मेरा दादा." मग हळूहळू सांगत गेली. आजोबांना लहानपणीच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणलं, इथे विकलं. जन्मभर ते मालकासाठी बुड्या मारत राहिले, मोती मालकाचे. मालकाने त्यांना नाव दिलं मरजान, म्हणजे पोवळं. "माँ ने क्या नाम रखा था, किसी को मालूम नहीं."

त्या संध्याकाळी घरी परतताना जमीला गाडीत नखांतला रंग खरवडत होती. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या आजीलापण असंच गलबतातून आणून जंजिऱ्याकडे उतरवलेली. आमच्या घरात तिचं नाव कोणाला ठाऊक नाही गो. विचारलं की सगळे विषय बदलतात." इतक्या वर्षांत हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती.

नंतर चित्र बदललं. गलबतावर लोडाला टेकलेला मालक आला, पाणबुड्यांचे चेहरे आफ्रिकी झाले. हॉलचा मालक आला, बघत राहिला आणि म्हणाला, "मोती दाखवा, जहाज दाखवा. गुलाम कशाला?" जमीलाने एकही चेहरा बदलायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तर सगळी भिंत पांढरी. रंग ओला होता. तिने त्यावर तळवा टेकला आणि तशीच उभी राहिली... मला तिच्याकडे बघवेना.

उम्म सालेमने तिला आपल्या घराची गल्लीकडची भिंत दिली. त्यावरून घरात मोठा वाद झाला. थोरला मुलगा सालेम आमच्यासमोरच आईवर ओरडला. जमीलाला अरबी कळायची, दोघं काय बोलली ते तिने मला मराठीत सांगितलं. मुलगा म्हणत होता, आपण कोणाचे हे लोकांना कशाला दाखवायचं? आणि आई म्हणाली, लोकांना माहीतच आहे, फक्त कोणी बोलत नाही.

मरजानचा फोटो नव्हता. उम्म सालेमला एवढंच आठवत होतं की, बुड्या मारून त्यांचे कान गेले होते, आणि कोणी बोललं की ते मान एका बाजूला कलती करून तोंडाकडे बघत. जमीलाने त्यांना तसंच काढलं, कोणाचं तरी ऐकू पाहताना. ते चित्र पाहून म्हातारीने अबायाची कड तोंडावर घेतली. तोवर जमीलाच्या पोटात दुखायला लागलं होतं. शिडीवर चढणं सुटलं, खुर्चीवर बसून ती कामाला लागली. शेवटची आकृती किनाऱ्यावर उभ्या बाईची. तिचं मूल पळवून नेलंय आणि ती समुद्राकडे बघतेय. अंगावरचं कापड रंगवून झालं, चेहरा मात्र कोळशाच्या रेघांतच राहिला. "ही मरजानची आई का?" मी विचारलं. "त्याचीपण," जमीला म्हणाली. "गावाहून आले की चेहरा करते."

मागच्या आठवड्यात धुळीचं वादळ येऊन गेलं. दुसऱ्या दिवशी मी त्या गल्लीत गेले. उम्म सालेम ओल्या फडक्याने भिंत पुसत होती, शेजारी सालेम बादली धरून उभा होता. चेहरा पूर्ण करायला दुसरा चित्रकार आणू का, असं त्याने आईला विचारलं होतं म्हणे. ती नको म्हणाली. मरजानचा कलता चेहरा तिने नीट पुसला. मग ती किनाऱ्यावरच्या बाईपाशी आली. तिथे तिने फडकं लावलं नाही, कोळसा निघून गेला असता. फडकं मुलाच्या हातात देऊन ती वाकली, आणि जमीलाने ओढलेल्या त्या रेघांवरची धूळ हलकेच फुंकत राहिली.