काविळीची माळ

मी सुतार. शाळा तिसरीत सोडली. पण हसनाबादच्या आजूबाजूला मी बसवलेलं एक तरी दार चुकलं म्हणून कुणी दाखवावं.

नात चौथ्या वर्षात असताना तिचे डोळे पिवळे झाले आणि अंगाला खाज सुटली. पुरळ न्हाई, खरूज न्हाई, नुसती खाज. नखं कापली तर दाराच्या चौकटीला पाठ घासायची.

सून म्हणली, "मामा, दवाखान्यात नेऊ."

"काविळीला दवाखाना कोण करतं? माळ घालू."

आमच्याकडं तीच रीत. ओल्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्यात गाठवून पोराच्या डोक्यावर ठेवायचे. माळ रोज लांबते, खाली उतरते. पायापर्यंत आली की कावीळ गेली. काड्या मीच कापल्या, गाठी मीच मारल्या.

माळ गळ्यात आली, बेंबीला टेकली. डोळे हळदीसारखेच.

"मामा, माळ लांबून राह्यली, पोरगी आटून राह्यली," असं म्हणून एक दिवस सून पोरीला घेऊन निघालीच. मी तणतणत मागून एसटीत चढलो.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कागदावर एक खोली काढली.

"बाबा, लिव्हरमधली पेशी म्हणजे अशी बारीक खोली. या भिंतीला रक्त, त्या भिंतीला पित्ताची नाली. पित्त बाहेर ढकलणारे पंप खोलीच्या आतच तयार होतात आणि नालीकडच्या भिंतीत जाऊन बसतात. हिचे तयार होतात, पण त्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत. आतच अडकून मोडतात. मग पित्त तुंबतं, लिव्हर खराब करतं. त्याचीच ही खाज. जन्मापासूनचं आहे."

"म्हणजे दारं घडवली, पण भिंतीत बसवली न्हाईत."

"अगदी बरोबर."

"मंग बसवा की! एवढं शिकल्यात तुम्ही."

"तिथं कुणाचा हात पोचत नाही, बाबा. लिव्हरच बदलावं लागतं."

"माझं काढा."

"तुमचं वय झालं. आणि हिच्या अंगात आता ते सोसायची ताकद उरली नाही."

सुनेनं विचारलं, "आधी आणली असती तर?"

बाई पोरीच्या अंगावरच्या माळेकडं बघत राह्यल्या. मंग म्हणल्या, "तेव्हाही अवघडच होतं." ते खरं होतं, का म्हाताऱ्याकडं बघून म्हणल्या, मला अजून कळलं न्हाई.

परतीच्या एसटीत पोरगी मांडीवर होती. "आबा, माळ गुडघ्याला आली. आता खाजणार न्हाई ना?"

ओलं लाकूड वाळलं की आकसतं. गाठ ढिली पडते, दोरा सुटत जातो. ती माळ खुंटीला टांगली असती तरी तेवढीच लांबली असती. गाठी मारताना मला हे ठाऊक होतं. मी सुतार आहे.

"न्हाई खाजणार, माय," मी म्हणलो.

दिवाळीच्या आत माळ पायापर्यंत आली. रीतीप्रमाणं ती पोराच्या हातानं वाहत्या पाण्यात सोडायची असते. मी एकट्यानं सोडली.