भिंगरी थांबायला शिकली

क्लबात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आईचं शिवणकामाचं दुकान वरच्या मजल्यावर आणि खाली तलवारबाजीचा हॉल. खेळाडूंची उसवलेली पांढरी जाकिटं दुरुस्तीला वर यायची. ती परत द्यायला पोर खाली गेली की तासभर परतायची नाही. शेवटी मास्तरांनीच आईला सांगितलं, "ताई, हिचं नाव घालून टाका. नाहीतरी ती इथंच असते."

फॉइल म्हणजे हलकी, लवचीक तलवार. टोक समोरच्याच्या धडाला लागलं तरच गुण. दोघींचं एकदम लागलं, तर जिने हल्ला आधी सुरू केला तिला गुण. भिंगरीला हा नियम भलताच मानवला. पंचांच्या तोंडून "सुरू" निघतं न निघतं तोच ही समोरचीच्या अंगावर! विशीत देशाच्या संघात आली, आणि चार-पाच वर्षांत जगातल्या पहिल्या आठांत.

मग एका परदेशी स्पर्धेत झेप घेताना तिचा पुढचा गुडघा आतून फिरला. शस्त्रक्रिया नीट झाली, पण झेपेतली ती वीज गेली ती गेलीच. निवड समितीच्या बाई मायेनं म्हणाल्या, "आता पोरींना शिकव. नाव कमावलंयस की."

"शिकवीन ना," ती म्हणाली, "पण आधी मला थोडं शिकायचंय."

मास्तर तयारच होते. "आजवर पायांनी खेळलीस, आता डोळ्यांनी खेळ. समोरचीला येऊ दे. तिची तलवार आपल्या तलवारीनं बाजूला सारलीस की वार करायचा हक्क तुझा."

ऐकायला सोपं! त्या हिवाळ्यात शाळकरी पोरीसुद्धा तिला हरवून गेल्या. तिला थांबवतच नव्हतं. आई हसायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तुझ्या गुडघ्याला पट्टी आहे, पण उतावीळपणा तोच!" तीही हसायची, पट्टी आवळायची आणि कठडा धरून जिना उतरायची. हळूहळू हात शांत झाला. शाळकरी पोरी हरू लागल्या, मग संघातल्याही. निवड चाचणीत ती पहिली आली, तेव्हा बाईंनी स्वतःहून येऊन हात मिळवला.

जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत समोर एकोणीस वर्षांची अव्वल खेळाडू होती. भिंगरीचे जुने व्हिडिओ बघूनच शिकलेली, त्यामुळे तस्साच वेग. पंधरा गुणांच्या सामन्यात बघता बघता पोरगी नऊ-चार अशी पुढे गेली. विश्रांतीत मास्तरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"काय गं, घाबरलीस?"

"छे! झेप घ्यायच्या आधी ती हात मागे ओढते. मीही ओढायचे. येऊ दे तिला."

पोरगी आली. भिंगरीनं तलवार बाजूला सारली आणि टोक तिच्या खांद्याखाली टेकवलं. पुन्हा आली, पुन्हा तेच. मग पोरगी बिचकली, थबकली, आणि थबकलेल्या माणसावर चालून जायला वीज लागत नाही. पंधरा-बारा! मास्क काढून पोरगी म्हणाली, "तुम्ही असं कधी खेळायचा नाहीत!"

"तेव्हा येत नव्हतं," भिंगरी म्हणाली.

अंतिम सामना ती दोन गुणांनी हरली. गळ्यात रौप्यपदक असताना पत्रकारांनी निवृत्तीचं विचारलं. तिला हसू आलं. "निवृत्ती? अहो, हा खेळ मला आत्ता कुठे जमायला लागलाय."

पुढच्या मोसमाच्या संघात तिचं नाव पहिलं होतं.