आई खाली बसली तेव्हा

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला काय काय दाखवायचं याची मी यादी केली होती. त्यात सिडनीतलं आर्ट म्युझियम पावसाळी दिवसासाठी राखून ठेवलं होतं. तसा दिवस उजाडला, मी युनिव्हर्सिटीतल्या नोकरीतून रजा काढली आणि मी राहते त्या वॉलॉंगॉंगहून आम्ही सकाळची ट्रेन धरली. माझं नियोजन चोख असतं आणि त्याचा मला अभिमानही आहे. एक ते दोन जपानी दालनाची फुकट टूर, अडीचला कॉफी, संध्याकाळी हॅरिस पार्कच्या भारतीय वस्तीत पाणीपुरी आणि परत.

टूरला चौघंच होतो. आम्ही दोघी आणि एक ऑस्ट्रेलियन नवरा-बायको. माहिती सांगणाऱ्या बाई मूळच्या जपानी, सत्तरीच्या आसपासच्या. बरीच वर्षं सिडनीत राहिलेल्या आणि हौसेने हे काम करणाऱ्या. फार हळू बोलायच्या. आईला इंग्रजी जेमतेम कळतं, म्हणून मी मध्ये मध्ये मराठीत सांगत होते. सांगत होते म्हणजे काय, त्यांच्या दहा वाक्यांचं एक करत होते. "चहाचं भांडं आहे. जुनं आहे." आई मान डोलवायची आणि माझ्या चौपट वेळ त्या भांड्याकडे बघत राहायची. मी घड्याळ बघायचे.

मग तो पडदा आला. आपल्याकडे दवाखान्यात तपासायच्या टेबलापुढे उभा घडीचा पडदा असतो ना, तसा, पण सहा पानांचा आणि सोनेरी कागदाचा. त्यावर नदी, काठाला लव्हाळं आणि वरून उडत निघालेली रानबदकं. बाई बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात आई खाली बसली.

सरळ फरशीवर, मांडी घालून, पर्स मांडीत.

तिच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हतं. साडी घ्यायची तर दुकानात गादीवर बसून, पेपर वाचायचा तर जमिनीवर पसरून. "उभ्याने काय दिसतं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. शाळेतून आल्यावर मी चित्रकलेची वही पुढे केली की ती हातातलं काम ठेवून आधी खाली बसायची आणि मग म्हणायची, "हं, दाखव आता."

"अगं, हे बघ, इथे खाली..." तिने पडद्याच्या खालच्या कडेकडे बोट केलं.

मी बघितलं ते त्या नवरा-बायकोकडे. मग कोपऱ्यातल्या गार्डकडे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"अगं पण..."

"इथे असं बसायला परवानगी नसते."

ही शुद्ध थाप होती. असा नियम मी कुठेही वाचला नव्हता. मी तिचा दंड धरून तिला उठवलं. गुडघ्यावर हात टेकून उठताना तिने "आई गं" म्हटलं, तेही अगदी हळू, माझी लाज राखून.

खरं सांगायचं तर मला नियमाचं काही पडलं नव्हतं. पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना, मिळाला, उच्चार बदलले, मीटिंगमध्ये "नो वरीज, मेट" सहज तोंडात यायला लागलं, आणि इतकं सगळं करून झाल्यावर आई फरशीवर बसली की मी पुन्हा विमानातून नुकतीच उतरलेली मुलगी दिसणार, याची मला भीती वाटली. भीती कसली, लाजच वाटली. स्वतःच्या आईची.

त्या बाईंनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, पण पुढे निघाल्या. उरलेली टूर आईने हात मागे बांधून, उभ्याने ऐकली. संध्याकाळी पाणीपुरी खाताना मी विचारलं, "कसं वाटलं म्युझियम?" "छान होतं की," ती म्हणाली. रात्री फोनवर मावशीला सांगत होती, "पोरीने सगळं दाखवलं हो."

पुण्याला परतल्यावर वर्षाच्या आत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की आता मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचं नाही. आता ती पेपर टेबलावर वाचते आणि नीट वाचल्यासारखं वाटत नाही म्हणून कुरकुरते.

गेल्या महिन्यात कामासाठी सिडनीला गेले होते. दुपारची मीटिंग रद्द झाली आणि माझे पाय आपोआप म्युझियमकडे वळले. पडदा जागेवर नव्हता. तिथे दुसराच होता, पाइनच्या झाडांचा. त्याच बाई नुकतीच टूर संपवून उभ्या होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या की उजेडाने रंग उडतात, म्हणून थोडे महिने दाखवून पडदा पुन्हा अंधारात ठेवतात.

"परत कधी लावतील?"

"काही वर्षांनी. तेव्हा मी इथे असेन की नाही, कोण जाणे." मग त्यांनी मला निरखून बघितलं. "तुमची आई कशी आहे? ती खाली बसली होती."

माझ्या उत्तरासाठी न थांबता त्या बोलत राहिल्या. "हे पडदे चटईवर बसणाऱ्या माणसांसाठी काढलेत. खाली बसलं की नदी डोळ्यांसमोर येते आणि पक्षी डोक्यावरून जातात. मी प्रत्येक टूरला हे सांगते. सगळे हो हो म्हणतात आणि उभेच राहतात. तुमची आई मी सांगायच्या आधीच बसली. मी तिच्या शेजारी बसणारच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिची मुलगी. मी मध्ये कसं बोलणार? बोलायला हवं होतं. नंतर बरेच दिवस मला चुकल्यासारखं वाटत राहिलं."

"इथे बसलेलं चालतं?"

"शाळेतली मुलं रोज बसतात."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी विचारलंच. "ती खाली काय दाखवत होती, तुम्ही पाहिलंत?"

"ती तुमच्या भाषेत बोलली," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

मी पाइनच्या पडद्यासमोर खाली बसले. बाईही हळूच शेजारी टेकल्या. गार्डने एकदा बघितलं आणि मान वळवली. बस्स, एवढंच झालं. झाडं खरोखर उंच झाली होती. मला फार वाईट वाटत होतं आणि ते सांगायला तिथे आई नव्हती.

परतीच्या ट्रेनमध्ये समुद्र दिसायला लागला तेव्हा मी तिला फोन लावला. तिची सकाळची कामं आटोपली होती. मी सगळं सांगितलं, परवानगीच्या थापेसकट. ती हसली. "असू दे गं. मला तेव्हाच कळलं होतं."

"आई, पण तू खाली काय दाखवत होतीस? लव्हाळ्यात काही होतं का? पक्षी होता?"

ती आठवायला लागली. मधल्या बोगद्यात आवाज तुटला, पुन्हा आला.

"नाही गं आठवत आता," ती म्हणाली. "तेव्हा दाखवत होते की."