ऐनावरची भुरी आणि आंब्यावरची

जानेवारीत उमरठहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. मी महाडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे गावात पानाफुलांना काही झालं की फोन मला येतो. बांधावरच्या आमच्या ऐनाच्या झाडांच्या पानांवर पांढरी भुकटी दिसत होती आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांच्या आंब्याच्या मोहोरावरही. शेजारी म्हणत होते, रोग ऐनावरून आला, ऐन बुंध्यापासून तोडा. जाऊबाई याच ऐनांचा पाला उतरवून, वाळवून भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. ऐन गेले तर राब कशाचा करायचा?

रविवारी गेले. शेजारी बांधावर उभेच होते.

"या मास्तरीणबाई. ही भुरी हाय का नाय, सांगा."

"भुरी आहे."

"बघा वयनी! मी काय बोलत होतो?"

"भुरी हाय इतकंच बोलली ती," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्याकडून गेली, असं कुठं बोलली?"

"मग माझ्या आंब्यांनी काय मुंबैवरनं आणली?"

मी सांगितलं, दिसायला पांढरी असली तरी भुरी एक नसते. आंब्यावरची बुरशी वेगळी, ऐनावरची वेगळी. सहसा एका जातीच्या झाडावरची दुसऱ्या जातीवर जात नाही.

"सहसा म्हंजे?" शेजाऱ्यांनी विचारलं.

मी दोन्हींचे नमुने कागदात गुंडाळून घेतले. बुरशी ओळखायची तर आधी झाड ओळखावं लागतं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. कडेच्या झाडाला शेजारी किंजळ, म्हणजे ऐनासारखंच दुसरं झाड, म्हणाले, जाऊबाई ऐनच म्हणाल्या. राबासाठी दरवर्षी छाटून छाटून त्याला झाडाचा आकार उरलेला नाही. नव्या फुटव्यांची पानं इतकी मोठी, की माझ्या पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळेनात. मी ते झाड सोडून दिलं.

महाडला येऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला बारीक काळे ठिपके होते. प्रत्येक ठिपक्याभोवती ताठ काटे, बुडाशी फुगलेले. आंब्याच्या मोहोरावर नुसते धागे आणि अंडाकृती बीजाणू. चला, दोन वेगळ्या बुरश्या, काम झालं, असं वाटलं. मग आठवलं, काळे ठिपके बुरशी जुनी झाल्यावर येतात. आंब्यावरची अजून कोवळी असेल तर? म्हणून बीजाणू ताडून पाहिले. ऐनावरचे गदेसारखे, लांबट. हा फरक पक्का. पण दुसऱ्या पानावर गदेसारख्यांच्या जोडीला अंडाकृतीही निघाले. वाऱ्याने आंब्यावरून येऊन पडलेले, की ऐनावर दुसरी एखादी भुरी? मान अवघडेपर्यंत पाहिलं, कळलं नाही.

पुढच्या रविवारी दोघांना तसंच सांगितलं. ऐनावरची एक भुरी नक्की आंब्याची नाही. दुसरी आहे का, आणि असली तर कुणाची, हे मला सांगता येत नाही.

"एकीचा निकाल लावायला गेली नि दुसरी घेऊन आली," जाऊबाई म्हणाल्या. "असं कसं गो तुझं?"

शेजारी हसले, पण कुऱ्हाडीचा विषय सोडेनात. शेवटी मी म्हटलं, पाला तर उतरवायचाच आहे, तो आत्ताच सगळा उतरवा. पुढच्या साली मोहोराआधीच उतरवा. मग ऐनावर पान नसताना मोहोरावर भुरी आली, तर ऐनाला दोष देता येणार नाही. तोवर बुंध्याला हात लावायचा नाही. ते कबूल झाले. जाऊबाईंनी दुसऱ्याच दिवशी कोयता चालवला.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी आंब्यावर गंधकही फवारलं, मला न विचारता. भुरी थांबली. ते म्हणतात, ऐन बोडके केले म्हणून. जाऊबाई म्हणतात, गंधकामुळे. दोघंही फोन करून मलाच विचारतात. दरवर्षी मोहोराआधी पाला उतरवायचा, अशी आता त्यांच्यात बोली झाली आहे. ऐन त्या बोलीवर उभे आहेत. ती शास्त्राला धरून आहे का, हे मी त्यांना सांगितलेलं नाही, कारण मलाच ठाऊक नाही.