बांगडीच्या बदल्यात

ताई कुठलीही गोष्ट कडेला धरून उचलत. बिस्किट असो, फोटो असो की पोळी. दोन बोटांत कड, मधे स्पर्श नाही. नाण्यांच्या नादी लागलेली माणसं तुम्ही पाहिली असतील तर ही खोड लगेच ओळखाल. नेदरलंड्समध्ये, द हेगच्या ऑफिसात आम्ही एकाच टीममध्ये होतो. वयाने बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायची.

ताईंना फक्त एक नाणं हवं होतं. अमेरिकेने अगदी सुरुवातीला पाडलेलं, पाच डॉलरचं, सोन्याचं. त्याचा इतिहास आम्हाला दुपारच्या डब्याबरोबर मिळे. त्यातलं सोनं छापील किमतीपेक्षा महाग झालं, मग ती नाणी जहाजांतून युरोपात आली आणि इथल्या भट्ट्यांत गेली. उरली ती मोजकी, आणि चांगली उरली ती श्रीमंतांच्या तिजोरीत. "वितळलं नाही तेच खरं," असं त्या कशाबद्दलही म्हणत, अगदी टिकलेल्या लग्नाबद्दलही.

जवळच्या झूटरमेर गावच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात त्या एकट्याच बाई. तिथले आजोबा निष्कलंक नाणी भिंगाखाली धरून बसत. ताई मात्र जुन्या बाजारात नाण्यांचं टेबल सोडून दागिन्यांच्या ट्रेकडे वळत. बाईमाणसाने कडी लावून गळ्यात घातलेलं नाणं भट्टीत कशाला जाईल, हे त्यांचं गणित. सोन्याच्या नाण्यांसारख्या पुतळ्यांची माळ बघत वाढलेल्या बाईलाच ते सुचणार. कडी लावलेलं नाणं म्हणजे बिघडलेलं नाणं, असं आजोबा समजावत. ताई मान डोलावत आणि पुढचा ट्रे ओढत.

एकदा माझ्या कुड्यांची फिरकी सैल झाली म्हणून आम्ही द हेगमधल्या एका जुन्या सोनाराकडे गेलो. काउंटरवर मोडीच्या सोन्याची ताटली होती. तुटक्या साखळ्या, एक दात, आणि एक पदक. ताई बोलता बोलता थांबल्या, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते मागून घेतलं, कड फिरवून पाहिली, मग भिंग लावलं. टोपी घातलेली बाई, झिजलेले तारे, पाठीमागे गरुड. तेच पाच डॉलरचं नाणं, कडी लावलेलं. त्यांचे डोळे भरून आले.

हे काय आहे आणि सोन्यापेक्षा याची किंमत जास्त आहे, हे त्यांनी सोनाराला सरळ सांगून टाकलं. त्याने ओळखीच्या नाणेविक्रेत्याला फोन लावला. कडी झाळून जोडलेली आहे हे ऐकून विक्रेत्याने नको म्हटलं. शिवाय ताटली तोलून झाली होती, संध्याकाळी ती भट्टीकडे जाणार होती आणि लिहिलेलं वजन भरायलाच हवं होतं, पैसे घेऊन चालणार नव्हतं. मी म्हटलं, उद्या येऊन बोलू.

"उद्या ते नसेल," ताई म्हणाल्या.

आणि त्या हातातली बांगडी ओढायला लागल्या. पुण्यातल्या पहिल्या पगाराची बांगडी, कित्येक वर्षं न उतरवलेली. अंगठ्याच्या मुळाशी हात लाल झाला, पण ती निघाली. ती ताटलीत ठेवून त्या डचमध्ये म्हणाल्या, "हिला वितळवा."

बांगडी जास्त भरली. सोनार फरक द्यायला लागला, पण ताईंचं लक्षच नव्हतं. मला रडूही येत होतं आणि हसूही.

मंडळाच्या पुढच्या सभेला त्या नाणं गळ्यात घालून, पैठणी नेसून गेल्या. आजोबांची रांग लागली. एकेक जण वाकून भिंगातून बघे, आणि ताई राणीसारख्या बसलेल्या, हात लावू नका म्हणून बजावत. सगळ्यांत कडक आजोबा सर्वांत जास्त वेळ वाकले होते. उठून त्यांनी ताईंशी हस्तांदोलन केलं आणि बराच वेळ हात सोडला नाही.

यंदा ताई निवृत्त होऊन कायमच्या पुण्याला गेल्या. विमानतळावर सोडायला मी गेले होते. बोचरा वारा, आणि ताईंच्या कोटाची वरची बटणं उघडी, गळ्यातलं नाणं दिसेल अशी. सर्दी होईल, लावा, असं मी म्हटलं.

"अगं, दोनशे वर्षांचं झालं ते, आणि बहुतेक पहिल्यांदाच हिंदुस्थानात चाललंय," त्या म्हणाल्या. "बघू दे की त्याला."

आणि मान ताठ ठेवून त्या आत गेल्या.